आबांसाठी भाषांतर

२५ जुलै, शुक्रवार

आज श्रावण लागला. दिवेलागणीला मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर सोमेश्वरनानांचा आवाज सुरू झाला. आबा ओट्यावरून उठले, वाड्यात शेरडांजवळ जाऊन बसले आणि पोथी संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. आईने दोनदा जेवायला बोलावलं, त्यांनी ओ दिली नाही.

तीस वर्षं हे दोघे श्रावणात शेजारी शेजारी बसले. नाना ओवी वाचायचे आणि आबा आमच्या बोलीत तिचा अर्थ सांगायचे. आबा चौथीपर्यंतच शिकलेले, पण एकदा ऐकलेलं विसरत नाहीत, आणि आबांच्या, म्हणजे गावाच्या पंडितच्या, तोंडून अर्थ ऐकायला शेजारच्या वाडीहून लोक यायचे. मग गेल्या मार्गशीर्षात आमची शेरडं नानांच्या तुरीत शिरली. नानांच्या मुलाने, उत्तरेश्वरने, खोऱ्याचा दांडा जीवनच्या डोक्यात घातला. जीवन, माझा धाकटा भाऊ, दवाखान्यात शुद्धीवर न येताच गेला. उत्तरेश्वर गेल्या आठवड्यात जामिनावर सुटून घरी आला आहे. गावाने पोथीला यंदाही नानांनाच बसवलं. दुसरं वाचणारं आहे कोण, असं म्हणतात. आबांच्या जागी कुणीच बसलेलं नाही, नाना नुसतं वाचतात.

आई चुलीपुढे मला म्हणाली, "ह्यांचं मन कशात तरी गुतव माय. दिसभर रस्त्याकडं बगत बसतेत. त्यो हितूनच रानात जातो. एखांद्या दिशी काईतरी करून बसतील. एक गेला, आता ह्यांना जेलात बगायचं मला जमायचं न्हाई."

मी हो म्हणाले. कशात गुंतवायचं ते मला ठाऊक नाही.

२६ जुलै

आबांना म्हटलं, मी घरी पोथी वाचते, तुम्ही ऐका. त्यांनी एकदम मान हलवली.

"त्यानं वाचलेली एकबी नको. कोन्तीबी उघड, त्याचाच आवाज येतो मला."

मग म्हणाले, "त्यानं कदीच वाचली न्हाई अशी हाय का एखांदी?"

मला एम.ए.चा अभिजात साहित्याचा पेपर आठवला. त्यात ग्रीक लोकांचं एक महाकाव्य होतं, अडीच हजार वर्षांहून जुनं. मी ते वाचलेलं नव्हतं. मी त्याचं गाईड वाचलं होतं आणि त्यावर अठ्ठावन्न मार्क मिळवले होते. पण आबांपुढे एकदम तज्ज्ञासारखी बोलले. म्हटलं, आहे एक, लांबच्या मुलखातली. एका लढवय्याच्या रागाची गोष्ट आहे.

"राग कशाचा?"

"आधी अपमानाचा. मग त्याच्या जिवाभावाच्या माणसाला मारतात, त्याचा."

आबांनी कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "आन."

२८ जुलै, सोमवार

धारूरला कॉलेजात माझे दोन तास झाल्यावर ग्रंथालयात बसले. मी तासिकेवरची बाई, मला कपाटाची किल्ली देताना शिपाई दहा प्रश्न विचारतो. शेवटी एका खालच्या खणात त्या काव्याची तीन मराठी भाषांतरं सापडली. तिन्ही मी नेईपर्यंत कुणी घरी नेलेली नव्हती.

पहिलं जाडजूड, संपूर्ण, कुणा विद्वानाने केलेलं. एका वाक्यात तीन समास आणि ढालीचं वर्णन वाचताना मला दम लागला. विद्वान काव्याला इतके भ्याले आहेत की त्यात कुणी पाणी प्यायलं तरी जलप्राशन करतो. दुसरं ओव्यांत. तेही संपूर्ण म्हणतात, पण यमक जुळवायला प्रत्येक मेलेल्या सैनिकाच्या मागे 'धरणीवरी' आणि 'क्षणाभरी' लावलं आहे, त्यामुळे माणसं मरतात तरी आरती चालल्यासारखं वाटतं. तिसरं पातळ. गद्य, सोपं, 'सुबोध व संक्षिप्त'. जहाजांच्या याद्या आणि वंशावळी गाळल्या आहेत असं मागे छापलंय. बरंच झालं. याद्या कोण ऐकणार.

एक लाल बांधणीचं इंग्रजीही होतं. वाटलं, आपणच तोंडी मराठी करून सांगावं. बसमध्ये दोन पानं मनात करून बघितली. माझं मराठी गाईडसारखं होतं, 'सदर प्रसंगातून असे दिसून येते की'. इंग्रजी परत ठेवलं असतं तर बरं, उगीच ओझं आणलं.

२९ जुलै, नागपंचमी

आज आबांची परीक्षा घेतली, म्हणजे पुस्तकांची. तिन्हींतलं सुरुवातीचं एकेक पान वाचून दाखवलं.

विद्वानांचं ऐकून आबा म्हणाले, "ह्यो मानूस बोलतो का मंत्र मनतो?"

ओव्यांचं ऐकून म्हणाले, "ह्याला टाळ लागतेत."

पातळ पुस्तकाचं पान निम्म्यावर आलं तसे ते पुढे सरकून बसले. "हां. ह्यो बोलतोय. हेच वाच."

मला आनंद झाला. भाषांतराबद्दल वर्गात इतकं बोलते, पण खरी कसोटी आज झाली. जे कानाला कळतं तेच चांगलं, बाकी सगळी विद्वत्ता चुलीत घालावी.

३० जुलै

सुरुवातीलाच आईने खोडा घातला. तिला कळलं की ही लढाईची पोथी आहे. "लडाईची पोथी घरात लावू न्हाई. देवळात वाचावं, घरात न्हाई. भांडन लागतं."

मी म्हटलं, "आता लागायचं काय राहिलंय आई?"

हे बोलायला नको होतं. ती उठून मागे गेली.

आबांनी मात्र पोथीचे सगळे सोपस्कार केले. आंघोळ केली, पाट मांडला, पुस्तकाला हळदकुंकू लावलं. कॉलेजच्या शिक्क्यावर कुंकू बसलं, आता ते पुसून द्यावं लागेल. मग तळहातावर पाणी घेऊन डोळे मिटून संकल्प सोडला. पोथीला बसताना मनात काहीतरी धरतात आणि समाप्तीपर्यंत ते कुणाला सांगत नाहीत, म्हणजे फळ मिळतं. मी विचारलं काय धरलंत. म्हणाले, "सांगायचं नसतं." मला वाटतं जीवनच्या आत्म्याला शांती मिळो असंच काहीतरी असेल. आईला तसं सांगितलं. ती पीठ मळत राहिली.

३ ऑगस्ट

नावांची अडचण आली. आबांच्या तोंडात ती नावं बसत नाहीत आणि मलाही ती धड उच्चारता येत नाहीत. मग आबांनीच नावं ठेवली. मुख्य लढवय्या म्हणजे 'रागीट'. वेढलेल्या शहराचा म्हातारा राजा म्हणजे 'म्हातारा', त्याचा शूर मुलगा 'थोरला'. चाल करून आलेल्या फौजेचा सरदार म्हणजे 'मुकादम'.

मी हसले, तर म्हणाले, "हसू नको. घरदार सोडून परक्या मुलखात कोप्या घालून वर्सानुवर्सं पडलेत, सगळी टोळी ह्याच्या हुकमात, आन् हा दुसऱ्याच्या वाट्याचं उचलून नेतो. मुकादमच हाय ह्यो." आमच्या निम्म्या गावाची दिवाळी ऊसतोडीच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत जाते, त्यांना कुणी समजावायची गरज पडली नसती.

मी वाचते, आबा थांबवतात आणि अर्थ सांगतात. ऐकायला मी आणि आई, दोघीच. पण ते देवळात बसल्यासारखेच मांडी घालून, हात वर करून सांगतात. भोंग्यावरचा आवाज चालूच असतो. आज पहिल्यांदा ते वाड्यात उठून गेले नाहीत.

७ ऑगस्ट

आबा दोन भाकरी जेवले. रात्री झोप लागते म्हणतात. मी आईला म्हटलं, बघ, गुण आला.

रागीट सध्या रुसून बसला आहे, लढत नाही. त्याचे सोबती त्याला मनवायला येतात, भेटी देऊ करतात, तो ऐकत नाही. माझ्या मते हा भाग लांबलाय, याला आणखी कात्री लावायला हवी होती. आबांना तो फार आवडला. म्हणाले, "घेतलं आन् गप बसला तर मग राग कशाचा व्हता?"

१२ ऑगस्ट

आज सोमेश्वरनाना आले.

दुपारी आबा शेरडं घेऊन डोंगराकडे गेले होते. नाना अंगणात उभे राहिले, ओट्यावर चढले नाहीत. डोक्यावर टोपी नव्हती. इतके वाळलेत की मी आधी ओळखलंच नाही.

"पंडित हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मला त्याच्या पायावर डोकं ठिवायचंय, सुकन्या. माझं पोरगं खुनी हाय, त्याला मी न्हाई मनत न्हाई. कोर्टातबी न्हाई मननार. तेवडं त्याला सांगायचंय. बाकी त्यानं मला हानलं तरी चालंल."

आई आतून आली. ती काही बोलायच्या आत मी म्हणाले की नाना, आबांचं मन आत्ता कुठे लागलंय. घरात पोथी चालू आहे. तुम्हाला बघितलं की सगळं पुन्हा वर येईल. समाप्ती होऊ द्या, मग या.

"कोन्ती पोथी?"

"तुम्ही वाचलेली नाही," मी म्हणाले, आणि मला त्यात बरं वाटलं हे इथे लिहून ठेवते.

नानांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "त्याच्याबिगर मला अर्थ लागत न्हाई गं. नुसतं वाचतो." मग गेले.

आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "येऊ द्यायचा व्हता." मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. आबांना मी काही सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले. संध्याकाळी तो भाग वाचला ज्यात रागीटाचा जिवलग मारला जातो. रागीटाला बातमी कळते, तो डोक्यात माती घालून घेतो, जमिनीवर लोळतो. वाचताना माझी ओळ चुकली. जीवनला दवाखान्यातून आणलं त्या दिवशीचा ओटा डोळ्यापुढे आला.

आबा रडले नाहीत. त्या दिवशीही रडले नव्हते. त्यांनी विचारलं, "मारनारा थोरलाच ना?"

"हो."

"त्याला बायकालेकरं हायेत?"

"आहेत. लहान मुलगा आहे. मागे वाचलं नव्हतं का, बापाचं शिरस्त्राण बघून भितो तो?"

"हां." त्यांनी पाट सरळ केला. "आन् तरीबी रागीट जातो त्याच्यावर?"

"जातो."

"वाच."

किती बारकाईने ऐकतात. माझे विद्यार्थी याच्या पाव हिश्शाने ऐकतील तर मी सुखाने मरेन.

१७ ऑगस्ट, रविवार

आज आबांनी स्वतः कुऱ्हाडीला धार लावून घेतली. जीवन गेल्यापासून शेरडांसाठी डहाळे तोडायचं काम आईच करत होती. आता मी जातो म्हणाले. आणि डोंगराकडे न जाता खालच्या अंगाला, कापसाच्या रानांकडे नेली शेरडं. म्हणाले तिकडे बांधाला पाला चांगला आहे. माणूस कामाला लागला, यापेक्षा काय हवं.

संध्याकाळी विचारत होते, "थोरला शेवटी एकटाच कसा घावतो त्याला? बाकीचे कुटं जातेत?"

मी सांगितलं, बाकीचे गावात शिरून वेस लावून घेतात, तो एकटा बाहेर राहतो.

"पळतो का?"

"आधी पळतो. मग थांबतो."

"थांबतो," आबा म्हणाले, आणि आईकडे बघून अर्थ सांगावा तसं बोट वर केलं, पण अर्थ सांगितला नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

समाप्ती झाली. अशी होईल असं वाटलं नव्हतं.

रागीटाने थोरल्याला मारलं. मरताना थोरला विनवतो की माझा देह माझ्या आईबापाला दे. रागीट नाही म्हणतो. त्याच्या पायांना दोर ओवून रथामागे बांधतो आणि धुळीतून ओढत नेतो, म्हातारा तटावरून बघत असतो. मी पान उलटलं तर पुढे शब्दार्थ आणि स्वाध्याय. पुस्तक तिथेच संपलं होतं.

मी मागची पानं पुन्हा चाळून बघितली. गाईडात याच्यापुढे काहीतरी होतं हे मला पक्कं आठवत होतं. लाल इंग्रजी काढून बघितलं तर पुढे चांगले दोन सर्ग आहेत. या सुबोधवाल्याने लढाई संपली की गोष्ट संपली असं धरलं. याद्यांबरोबर शेवटही गाळला.

"संपलं?" आबांनी विचारलं.

"या पुस्तकात संपलं. खरं तर अजून थोडं आहे, आबा."

"किती?"

"थोडंसंच. लढाई नाही त्यात आता. पुस्तक मिळवून वाचते."

"मग ऱ्हाऊ दे. समाप्ती झाली." त्यांनी पुस्तकाला नमस्कार केला आणि नारळ फोडला. आईला म्हणाले, गोड कर काहीतरी. पोथी एकदा उतरवली की मागे वळून वाचत नाहीत, ही त्यांची रीत. मी वाद घातला नाही. नारळ वाढवून आबा फार शांत दिसत होते. इतके शांत मी त्यांना कधी बघितलेलं नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

इंग्रजीतला शेवटचा सर्ग कॉलेजच्या सुट्टीत बसून वाचला. मला कुणी सांगितलं का नव्हतं? सगळं काव्य त्या एका सर्गासाठी लिहिलं असावं. म्हातारा राजा एकटा रागीटाकडे येतो. पुढचं इथे लिहीत नाही. घाईत खरडून त्याची माती करायची नाही.

आबांना हे ऐकवायचंच. आणि असं तसं नाही, चांगल्या मराठीत. अंबाजोगाईच्या योगिताला फोन केला. ती तिथल्या एका वाचनालयात असते, आम्ही एम.ए.ला एका बाकावर होतो. ती म्हणाली नव्याने झालेली दोन संपूर्ण भाषांतरं त्यांच्याकडे आहेत, उद्या बघून सांगते.

२३ ऑगस्ट, शनिवार

योगिताने दोन्ही भाषांतरांतली शेवटच्या सर्गाची पानं फोनवर वाचून दाखवली. पहिल्यात म्हातारा 'याचना' करतो. नको. याचना काय, तो काय अनुदान मागायला आलाय? दुसरं बरं आहे, साधं आहे, पण म्हाताऱ्याच्या तोंडी मधेच पुणेरी वळण येतं, आबा लगेच हसतील. तिला म्हटलं, विचार करते, सोमवारी सांगते.

ती म्हणाली, "अगं, पानांचे फोटो पाठवते, आजच वाच की."

पोथी मोबाईलवरून वाचायची? पाटावर मोबाईल ठेवून त्याला कुंकू लावायचं? नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग तोंडी सांग. गोष्टच तर आहे." तिला भाषांतर म्हणजे काय हे कधीच कळलं नाही.

आई चुलीपुढे म्हणाली, "ते आता रस्त्याकडं बगत न्हाईत."

"मग चांगलंच आहे."

"तेच मला बरं वाटंना." आईचं हे असं असतं. बघितलं तरी भीती, नाही बघितलं तरी भीती. आबा आज दोन्ही वेळा जेवले. शेरडांचा जुना दोर तुटला होता, दुपारभर बसून नवा वळला.

२९ ऑगस्ट

हे लिहिलंच पाहिजे. पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, पण त्यांना मधलं काही नको होतं.

रविवारी सकाळी आबा शेरडं घेऊन गेले. मी कपडे धूत होते. शेजारची बाई पळत आली आणि नुसतीच हात करत राहिली. आईने विचारलं नाही काय झालं. ती पायात काही न घालता निघाली, मी तिच्यामागे.

नानांच्या कापसात, बांधालगत, उत्तरेश्वर पालथा पडला होता. पाठीवर फवारणीचा पंप तसाच होता आणि त्यातून औषध गळत होतं. मानेकडे मी एकदाच बघितलं. आबा त्याच्याजवळ मातीत बसले होते, कुऱ्हाड मांडीवर आडवी. शेरडं कापूस खात होती, त्यांना कुणी हाकलत नव्हतं. गाव बांधावर उभं होतं. कुणी पुढे झालं की आबा कुऱ्हाड घेऊन उभे राहायचे, मागे सरलं की पुन्हा बसायचे. कुणीतरी धारूरला पोलिसांना फोन केला होता.

मग मला दोर दिसला. आदल्या दिवशी वळलेला नवा दोर. त्याचं एक टोक उत्तरेश्वरच्या घोट्याला बांधलं होतं, दुसरं आबांच्या मुठीत होतं. त्याच्या पायाखाली हातभर माती ओढल्यासारखी झाली होती. त्यांनी त्याला ओढायचा प्रयत्न केला होता. पंपासकट तो त्यांना ओढवला नाही.

बांधावर कुणाला त्या दोराचा अर्थ कळला नाही. मला कळला. मीच वाचून दाखवलं होतं, आवाज चढवून, थांबत थांबत, चांगलं वठलं म्हणून मनात खूश होत. मी बांधावरच खाली बसले.

"आबा," मी म्हणाले.

"बस तितंच," ते म्हणाले. रागावून नाही.

मग माणसं बाजूला झाली आणि नाना आले. त्यांना दोघांनी धरलं होतं, त्यांनी हात सोडवून घेतले. ते कापसातून सरळ आबांकडे चालत गेले. आबा उठले, कुऱ्हाड उचलली. नाना थांबले नाहीत. पुढे जाऊन आबांच्या पायाशी बसले, कुऱ्हाड धरलेले त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि आपल्या डोळ्यांना लावले. हात रक्ताने भरलेले होते, ते नानांच्या तोंडाला लागलं.

"पंडित," नाना म्हणाले, "माझं पोरगं मला दे."

आबा हलले नाहीत. त्यांचं तोंड मला दिसत होतं. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. तीस वर्षांत त्यांना अर्थ लागला नाही असं मी कधी बघितलं नव्हतं. ते नानांच्या डोक्याकडे बघत राहिले, मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या गावासमोर विचारलं,

"सुकन्या, पुढं काय हाय?"

मी उठले. माझ्याकडे पुस्तक नव्हतं.

"म्हातारा येतो, आबा," मी म्हणाले. "एकटा येतो. रागीटाच्या कोपीत येतो. अन् ज्या हातानं त्याचं पोरगं मारलं ते हात धरतो. मनतो, माझ्यासारखं कुनी केलं नसंल, पोराला मारलेल्या हाताला तोंड लावलं मी. मनतो, तुझाबी बाप असंल कुटं तरी, माझ्याच वयाचा, त्याची आठवन कर."

"मग?"

"मग रागीट रडतो. म्हाताऱ्याला हळूच बाजूला सारतो, मारत न्हाई. म्हातारा त्याच्या पोरासाठी रडतो अन् रागीट त्याच्या मानसासाठी. दोघं एका जागी बसून रडतेत. मग तो म्हाताऱ्याला उठिवतो. देह धुवून देतो. वरून पांघरून घालतो. जेवू घालतो म्हाताऱ्याला. अन् मनतो, तुमचं सगळं क्रियाकर्म होईस्तवर मी लढनार न्हाई."

"दिला?"

"दिला."

मी माझ्या आयुष्यात आमच्या बोलीत इतकं एका दमात कधी बोलले नव्हते. बांधावर कुणी हलत नव्हतं.

आबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. ते वाकून उत्तरेश्वरच्या पायाचा दोर सोडायला लागले. गाठ औषधाने ओली होऊन घट्ट बसली होती, ती सुटेना. नाना सरकत त्यांच्या शेजारी आले आणि त्यांनी पलीकडून गाठीला हात घातला. दोघे म्हातारे कितीतरी वेळ त्या गाठीशी झटत होते. मधेच आबांचा आवाज फुटला. मार्गशीर्षापासून आतच राहिलेलं रडणं होतं ते, माझ्याच्याने ऐकवेना. आई कानावर हात ठेवून खाली बसली. गाठ शेवटी नानांनी दातांनी सोडवली.

आबांनी आपलं उपरणं काढून उत्तरेश्वरच्या अंगावर घातलं. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. आबा माझ्यापाशी आले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतील, पण त्यांनी हात मागेच धरले, माझ्या कपड्यांना लागू नये म्हणून.

"हे आदी कावून न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

पोलीस कापसातून येत होते. मी खरं तेच सांगितलं.

"चांगलं पुस्तक बघत होते, आबा."